संचालकांची नावं कागदावर येईपर्यंत

आमच्या पतसंस्थेचं शटर खाली आलं, त्या आठवड्यात पेपरात दोनच नावं छापून आली. एक शाखेच्या मॅनेजरचं आणि दुसरं आमच्या गल्लीतल्या पिग्मीवाल्याचं, म्हणजे रोज दारोदार ठेव गोळा करणाऱ्या एजंटाचं. पिग्मीवाल्याचं तर वयासकट, गल्लीसकट, फोटोसकट. चेअरमन आणि संचालकांसाठी 'संबंधित संस्थाचालक' एवढे दोनच शब्द होते. मंगाईच्या यात्रेत ज्यांचे शुभेच्छांचे फलक बेळगावातल्या आमच्या वडगावच्या प्रत्येक कोपऱ्यावर लागायचे, त्यांचं नाव पेपराला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणायचं?

मी वडगावात ब्लाऊज शिवते. सासऱ्यांनी यंत्रमाग विकले त्याचे पैसे आणि माझ्या शिलाईतून रोज भरलेली पिग्मी, असं मिळून मुलीच्या शिक्षणासाठी त्या संस्थेत मुदत ठेव होती. २०२१ च्या पावसाळ्यात व्याज थांबलं, मग मुद्दल थांबलं, मग शाखाच बंद झाली. आमच्या आजूबाजूला बहुतेक घरं विणकरांची, काही मराठी बोलणारी, काही कन्नड. सगळ्यांचीच थोडीबहुत रक्कम तिथं होती.

पिग्मी हा आमच्या भागातला जुना रिवाज. १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेनं ती कर्नाटकच्या किनारपट्टीवर सुरू केली, नंतर पतसंस्थांनी उचलली. एजंट रोज दारात येतो, दहा-वीस रुपये घेतो, पावती देतो. त्याला मिळतं ते कमिशन. कर्ज कुणाला द्यायचं, कशावर द्यायचं, यात त्याला कुणी विचारत नाही. पण लोकांनी पैसे त्याच्या हातात दिलेले असतात, म्हणून संस्था बुडाली की लोक त्याच्याच दारात जातात. आमच्या पिग्मीवाल्याच्या दारावर लोकांनी दगड मारले. त्याची आई मला म्हणाली, "वहिनी, याची स्वतःची ठेवबी तिथंच हाय की." ते खरं होतं. पुढे कागदांत दिसलंही. पण त्या वेळी चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि आमच्यातलेच लोक फाशीचा दोर ओढत होते.

तक्रार कुठं करायची, इथूनच गोंधळ. आपल्याकडे संस्था १९५९ च्या कर्नाटक सहकारी संस्था कायद्याखाली असते, किंवा १९९७ च्या सौहार्द कायद्याखाली, किंवा दोन राज्यांत काम करणारी असेल तर २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली. पासबुकाच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आम्ही कधी वाचलेलं नव्हतं. आमची संस्था तिसऱ्या प्रकारातली निघाली. तिची एक शाखा महाराष्ट्रातल्या चंदगडला होती. तेवढ्यावर ती 'बहुराज्य' झाली, आणि तिच्यावरचा अधिकार बेळगावच्या सहकार खात्याकडून उठून दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडे गेला. इथल्या कचेरीत आम्हाला शांतपणे सांगितलं, हे आमच्याकडे येत नाही. चंदगडच्या ठेवीदारांना तिकडे तेच ऐकवलं.

सीमाभागात राहणाऱ्याला हे समजायला वेळ लागत नाही. सामान्य माणसाला सीमा आडवी येते. दाखला घ्यायला, शाळेला, नोकरीला. पैसेवाल्याला तीच सीमा उपयोगी पडते. इकडे तक्रार वाढली की चेअरमन तिकडच्या नातेवाईकांकडे, तिकडे वाढली की इकडे.

आमच्या ठेवी विम्यात नाहीत, हेही तेव्हाच कळलं. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पासून ती मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. पण पतसंस्थेला ते लागू नाही. संस्थेचे लोक बोलताना सरळ 'आपली बँक' म्हणायचे, आम्हीही म्हणायचो.

पोलिसांत गेलो. ठाण्याचं नाव घेत नाही, तिथले काही जण चांगले वागले, काही नाही. आमची तक्रार संपूर्ण संचालक मंडळाविरुद्ध होती. अर्ज ठेवून घेतला, गुन्हा नोंदला नाही. आमच्या वकीलताईंनी समजावलं, की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. मात्र त्याच निकालात आर्थिक व्यवहारांच्या प्रकरणात आधी प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे. ती मुभा आमच्या बाबतीत महिनोन्महिने चालली. गरिबाच्या पोरानं मोबाईल चोरला तर प्राथमिक चौकशी होत नाही. कोट्यवधींचा प्रश्न आला की होते. कायद्यानं फरक केला त्यामागं कारण असेल, पण तो फरक कुणाच्या कामी येतो हे आम्ही डोळ्यांनी बघितलं.

शेवटी २०२२ मध्ये एफआयआर झाला. आरोपी म्हणून मॅनेजर, पिग्मीवाला आणि 'इतर'.

हा 'इतर' शब्द आमच्या लढाईचा सगळा गाभा होता. का, ते सांगते. कर्नाटकात २००४ चा ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा आहे. लोक त्याला केपीआयडी म्हणतात. महाराष्ट्रात तसाच १९९९ चा एमपीआयडी. या कायद्याखाली सरकार संस्थेची आणि तिच्या चालकांचीही मालमत्ता जप्त करू शकतं, सक्षम प्राधिकारी नेमला जातो, तो विशेष न्यायालयात जाऊन जप्ती कायम करून घेतो, मग लिलाव, मग ठेवीदारांत वाटणी. पण जप्तीला नाव लागतं. नाव नसेल तर त्या माणसाचा सातबारा, इथला उतारा, घर, गाडी, कशालाच हात लागत नाही. मॅनेजरचं भाड्याचं घर आणि पिग्मीवाल्याची स्कूटर विकून आमच्या ठेवी परत येणार होत्या का? नाव येणं न येणं हा अब्रूचा प्रश्न नव्हता, तो सरळ पैशाचा प्रश्न होता. संचालकांना हे आमच्या आधी कळलेलं होतं, म्हणून तर सगळी ताकद नाव येऊ नये यासाठी लागली होती.

ती ताकद कशी लागते, हे मी जवळून पाहिलं. फोन येतो, धमकीचा नाही, प्रेमाचा. "काकू, तुमचं तेवढं बघून देतो, बाकीच्यांच्या नादाला लागू नका." काहींचे पैसे खरंच गुपचूप दिले गेले, आणि जे बोलके होते त्यांचेच आधी. मग वकिलाची नोटीस येते. आमच्यातल्या एका निवृत्त काकांनी व्हॉट्सॲपवर चेअरमनचं नाव लिहिलं, तर त्यांना अब्रुनुकसानीची नोटीस आली. खरं आणि लोकहिताचं असेल तर तो गुन्हा होत नाही, हे कायद्यात आहे. पण नोटीस आलेल्या माणसाला ती वाचून रात्रभर झोप लागत नाही. काकांनी ग्रुप सोडला. त्यांच्यानंतर आणखी कितीतरी जणांनी सोडला.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी भाषा पुढे केली. चेअरमनची माणसं मराठी गल्ल्यांत सांगत फिरली, की मराठी माणसानं उभी केलेली संस्था पाडायचा हा डाव आहे, तुम्ही कसे त्यात सामील होता? मंडळातला एक संचालक कन्नड होता. तो त्याच्या लोकांत उलटं सांगत होता, की मराठी लोकांनी संस्था खाल्ली. दोघांच्या सह्या त्याच कर्जांवर होत्या. मी सीमाप्रश्नाच्या घरात वाढलेय. वडील १ नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीत जायचे. त्या दुःखाचा असा ढालीसारखा वापर झालेला बघून मला जेवढा राग आला, तेवढा पैसे बुडाल्याचाही आला नव्हता. आमच्या शेजारच्या कन्नड अक्कांची आणि माझी ठेव एकाच पेटीतून गेली. त्यानंतर आम्ही ठरवलं की प्रत्येक अर्ज दोन्ही भाषांत द्यायचा, खाली सह्या मिसळून. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क आहेच, पण दोन्ही भाषांतला एकच अर्ज टेबलावर पडला की भाषेचं कारण सांगायला कुणाला जागा राहात नाही.

पत्रकारांबद्दल मला नीट, मनापासून लिहायचंय, कारण त्यांच्यावर सरसकट राग काढणं सोपं आहे. आम्ही पत्रकार परिषद घेतली. एक-दोन बातमीदारांनी खोलात जाऊन प्रश्न विचारले, दुसऱ्या दिवशी बातमी आली चार ओळींची, नावाविना. त्यातल्या एकानं मला बाहेर चहाच्या गाड्यावर सांगितलं, "ताई, मी नावं लिहिली होती." त्याच्यापुढे मी काय बोलणार? संस्था वर्धापनदिनाला, दसरा-दिवाळीला पानभर जाहिराती द्यायची. बातमीदाराला पगार किती आणि कुठून, हे त्या जाहिरातींशी बांधलेलं. यूट्यूब चॅनेलवाले आले, त्यांनी रडणाऱ्या म्हाताऱ्या बायका दाखवल्या. एक चॅनेलवाला कॅमेऱ्यापुढे एका मावशीला परत परत "रडा की" म्हणत होता. ज्यांच्यामुळे त्या रडत होत्या, त्यांच्या बंगल्यावर कुणी कॅमेरा नेला नाही.

आमच्या जिल्ह्यानं मोठी प्रकरणं कमी पाहिलेली नाहीत. ७ फेब्रुवारी २०१२ ला विधानसभेत मंत्री मोबाईलवर अश्लील चित्रफीत बघताना वाहिन्यांच्या कॅमेऱ्यात सापडले. त्यात अथणीचे लक्ष्मण सवदी होते. त्यांनी आपली बाजू मांडली, पण दुसऱ्या दिवशी तिघा मंत्र्यांचे राजीनामे झाले. आम्हाला तेव्हा वाटलं होतं, बघा, कॅमेऱ्यापुढे कुणाचं चालत नाही. २०१८ ची निवडणूक ते हरले, आणि तरी ऑगस्ट २०१९ मध्ये उपमुख्यमंत्री झाले. मार्च २०२१ मध्ये गोकाकच्या रमेश जारकीहोळींची चित्रफीत वाहिन्यांवर आली, त्यांनी ती बनावट असल्याचं सांगितलं आणि मंत्रिपद सोडलं. त्या प्रकरणापेक्षा मला त्यानंतरची एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. काही दिवसांतच सहा मंत्री बेंगळुरूच्या न्यायालयात गेले आणि आपल्याविरुद्ध बदनामीकारक काही दाखवू नये असा मनाई आदेश आधीच घेऊन आले. बातमी यायच्या आधी. आमच्या पिग्मीवाल्यानं असा आदेश मागायचं मनात तरी आणलं असतं का? त्याला वकील मिळाला तो फोटो छापून आल्यावर, तोही त्याच्या बायकोनं मंगळसूत्र गहाण ठेवल्यावर.

आणि हिंडलगा. हिंडलगा आमच्यापासून लांब नाही. कंत्राटदार संतोष पाटील यांचं म्हणणं होतं की तिथल्या जत्रेसाठी त्यांनी चार कोटींची कामं केली, हाती कार्यादेश नसताना, तोंडी सांगण्यावर, आणि बिलासाठी चाळीस टक्के कमिशन मागितलं गेलं. १२ एप्रिल २०२२ ला ते उडुपीच्या लॉजमध्ये मृतावस्थेत सापडले. मंत्री के. एस. ईश्वरप्पांनी आरोप नाकारले, पण १५ तारखेला राजीनामा दिला. जुलैत पोलिसांनी पुरावा नाही म्हणून 'बी रिपोर्ट', म्हणजे प्रकरण बंद करायचा अहवाल दिला. कोण खरं, हे मी ठरवू शकत नाही. माझ्या मनात एकच राहिलं, की त्या माणसानं जिवंतपणी दिल्लीपर्यंत तक्रारी केल्या होत्या. तेव्हा कॅमेरा नव्हता. आणि कॅमेरा आल्यावर मिळाला तो राजीनामा. रस्ते कुणी सांगून केले, बिलाचं काय झालं, या प्रश्नांचं उत्तर राजीनाम्यात नसतं. राजीनामा झाला की वाहिन्या निघून जातात आणि लोकांना वाटतं न्याय झाला.

हे बघितल्यावर आमच्या वकीलताईंनी आम्हाला बजावलं: बातमीच्या मागं पळू नका, नावाच्या पुराव्याच्या मागं लागा.

नावाचा पुरावा मिळवणं वाटतं तेवढं सोपं नव्हतं. संस्था स्वतः माहिती अधिकारात येत नाही. सहकारी संस्था या कायद्याच्या अर्थानं सार्वजनिक प्राधिकरण नाहीत असं सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये केरळच्या थलप्पलम संस्थेच्या प्रकरणात म्हटलंय. पण निबंधकांकडे संस्थेचे जे कागद असतात ते मागता येतात. मुलीनं दहा रुपये भरून ऑनलाइन अर्ज केला, संस्थेनं वार्षिक विवरणात दाखल केलेली संचालकांची यादी द्या म्हणून. पहिलं उत्तर आलं की ही त्रयस्थाची माहिती आहे. अपील केलं. यादी आली ती एका वर्षाची, तीही जुनी. दरम्यान तीन संचालकांनी पोलिसांना राजीनाम्याच्या प्रती दिल्या होत्या. सगळे राजीनामे नेमके कर्जं वाटली गेली त्याच्या आधीच्या तारखेचे.

तिथं माझ्या धंद्यानं मदत केली. ब्लाऊजचं कटिंग मी जुन्या पेपरवर काढते, गिऱ्हाईकाप्रमाणे पुडकी बांधून ठेवते. एकीचं माप शोधताना हातात आलेल्या कागदावर गळ्याच्या गोलाईत चेअरमनचा अर्धा चेहरा होता. वर्धापनदिनाची जाहिरात. बाजूला दोन संचालकांचे फोटो, खाली 'विद्यमान संचालक मंडळ'. त्या वरच्या कोपऱ्यात तारीख होती, त्यांनी दाखवलेल्या राजीनाम्यानंतरची. माझा कागद कापलेला, म्हणून आम्ही वाचनालयात जाऊन जुन्या अंकांच्या फायली काढल्या. अख्खं पान मिळालं. मग मागच्या वर्षांची मिळाली. दर वर्षी तेच चेहरे, नावासकट, पदासकट. ज्या पेपरांना बातमीत नाव घालता आलं नव्हतं, त्यांच्याच पानांवर ती सगळी नावं होती, आणि ती छापायला पैसे आमच्या ठेवींतले गेले होते.

वकीलताई म्हणाल्या, जाहिरात हा दुबळा पुरावा आहे, एवढ्यावर कुणी दोषी ठरणार नाही, पण पोलिसांना प्रश्न विचारणं भाग पडेल. आम्ही पानांच्या प्रती जोडून तपास अधिकाऱ्यांना दोन्ही भाषांत अर्ज दिला, एक प्रत वरच्या कार्यालयाला, प्रत्येकावर पोच घेतली. पोच न घेता काही द्यायचं नाही, हे आता आमच्या गल्लीतल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे.

डिसेंबर २०२२ च्या कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनात हा विषय मांडायचं ठरवलं. त्यासाठीची इमारत, सुवर्ण विधानसौध, बेळगावात २०१२ पासून आहे. अधिवेशनाचे ते दिवस सोडले तर सरकार आम्हाला दिसत नाही. पण त्या महिन्यात सीमावाद पेटला. ६ तारखेला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, आणि सगळ्या राज्याचे, देशाचे बातमीदार जे आले ते त्याच्यासाठी आले. आम्ही कोंडसकोप्पच्या आंदोलनाच्या जागेवर तंबूत बसलो, मराठी-कन्नड बायका एकत्र. दोन भाषांचे लोक भांडताहेत हे दाखवायला कॅमेरे शहरभर होते. एकत्र बसलेले दाखवायला आला एकच मुलगा, एका कन्नड चॅनेलचा, मोबाईलवर चित्रण करणारा. पण त्यानं एक केलं. जाहिरातीचं पान कॅमेऱ्यापुढे धरून त्यानं एकेक नाव मोठ्यानं वाचलं. तो व्हिडिओ फार लोकांनी पाहिला नसेल. आमच्या भागाच्या एका आमदाराच्या माणसानं पाहिला आणि संध्याकाळी तंबूत येऊन कागद मागून नेले. नंतर वरून पत्र निघालं.

म्हणून मी असं म्हणणार नाही की माध्यमांचा उपयोग नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२३ मध्ये, अधिवेशन चालू असताना बेळगावजवळच्या होसवंटमुरीत एका बाईला विवस्त्र करून खांबाला बांधलं गेलं. बातम्या आल्या म्हणून हायकोर्टानं दुसऱ्या दिवशी आपणहून दखल घेतली. मात्र त्याच कोर्टाला, भेटीला येणाऱ्यांच्या रीघेपासून तिला वाचवण्यासाठीही आदेश द्यावा लागला. बातमीत ताकद आहेच. ती कुणाच्या दिशेनं वळवली जाते, आणि कुणाला तिच्यापासून संरक्षण मिळतं, एवढंच मला विचारायचंय.

आमच्या एफआयआरमध्ये चेअरमन आणि संचालकांची नावं २०२३ मध्ये आली. चेअरमनला अटक झाली त्याच रात्री त्याच्या छातीत दुखू लागलं. दवाखान्यात दाखल, मग जामीन. तोवर बहुतेक संचालकांनी अटकपूर्व जामीन घेतलेला होता. पिग्मीवाला मात्र त्याआधी कोठडीत राहून आलेला होता. तपासात त्याच्या खात्यात कमिशनशिवाय काही निघालं नाही. आता त्याला साक्षीदार करावं यासाठी अर्ज आहे, आणि त्या अर्जाला आम्ही ठेवीदारांनी पाठिंब्याची पत्रं दिलीत. ज्यांनी दगड मारले होते त्यांतल्या काहींच्याही सह्या आहेत. त्याच्याबद्दलची दुसरी बातमी मात्र कुठल्याच पेपरात आलेली नाही. मी स्वतः दोन ठिकाणी पत्र घेऊन गेले.

जप्तीचा सरकारी आदेश निघाला आहे. त्यात चेअरमनचा शहापुरातला बंगला आहे, दोन संचालकांची शेती आहे. एक फार्महाऊस यादीत नाही, कारण ते शटर पडायच्या थोडं आधी मेव्हण्याच्या नावावर झालं. फसवणुकीच्या हेतूनं दुसऱ्याकडे वळवलेल्या मालमत्तेलाही या कायद्यात हात लावता येतो, म्हणून त्याचे नोंदणीचे उतारे काढून आम्ही सक्षम प्राधिकाऱ्याकडे दिलेत. चंदगडच्या ठेवीदारांची एमपीआयडीखाली वेगळी कारवाई चालू आहे, आणि एकाच मालमत्तेवर दोन राज्यांचा दावा आला तर काय, हा प्रश्न विशेष न्यायालयापुढे आहे. त्यासाठी आम्ही आणि चंदगडकर दर महिन्याला एकत्र बसतो. त्यांच्याकडे मूळ पावत्या जास्त नीट राहिल्यात, आमच्याकडे जाहिराती. पुढच्या तारखेला मेव्हण्याच्या नावावरच्या जमिनीवर युक्तिवाद आहे. ज्यांची ठेव त्या संस्थेत होती आणि ज्यांनी अजून दावा अर्ज भरला नाही, त्यांनी पासबुक, मूळ पावती आणि ओळखपत्र घेऊन यावं. पावती हरवली असेल तरी यावं; पिग्मीच्या वहीत रोजची नोंद आहे, आणि ती वही पिग्मीवाल्यानं आजवर जपून ठेवली आहे.